केबलची वरात

सौंसरच्या बसस्टँडमागे सुधाकरचं लाईट-डेकोरेशनचं दुकान होतं. लग्न असो, बारसं असो, निवडणुकीची सभा असो, माळा सुधाकरच्याच. त्याने माळा सोडल्या की गुरांचा गोठासुद्धा लग्नाला निघाल्यासारखा दिसतो, असं लोक म्हणत. सुधाकरला ते ऐकायला फार आवडे. आवडून आवडून ते त्याला खरंही वाटू लागलं होतं.

त्या वर्षी त्याचं स्वतःचं लग्न ठरलं. मुलगी मोहगावच्या पलीकडच्या बोरढाण्याची, तुळशीरामांची शोभा. बोरढाण्याला वीज नव्हती. विजेचे खांब नाल्यापर्यंत आले होते आणि पाणी बघून बुजलेल्या बैलांसारखे अलीकडेच उभे राहिले होते. मात्र आदल्या साली सरकारी माणसांनी गावाबाहेरच्या शाळेच्या छपरावर सूर्याच्या उजेडावर चालणाऱ्या दोन निळ्या पाट्या बसवल्या होत्या. खाली लोखंडी पेटीत बॅटरी होती आणि शाळेच्या खोलीत तिच्यावर जळणारी एक ट्यूबलाईट. गावात कोणाकडे पाहुणा आला की त्याला आधी चहा मिळे आणि मग ती ट्यूब दाखवायला नेत.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, बोरढाण्यातच झाला. वडीलधारे जेवायला बसले तेव्हा गावातल्या बुद्धविहाराच्या भिंतीआड सुधाकरला आणि शोभाला दोन शब्द बोलायला मिळाले. भिंतीपलीकडे सात-आठ बाया कान लावून उभ्या होत्या, हे दोघांनाही माहीत होतं.

सुधाकर घसा खाकरून म्हणाला, "तुले काही पायजे असन तं सांग. घड्याळ, रेडिओ, काही बी."

"सांगू?" शोभा म्हणाली. "देसान का पण?"

"तू सांगून तं पाह्य."

"मले विहारात उजेड पायजे."

सुधाकरला वाटलं, मस्करी आहे. पण शोभाची मान वर होती आणि ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

गोष्ट अशी होती. शोभा सातवी शिकलेली. दिवसभर संत्र्याच्या बगीच्यात, कपाशीत खपून आलेल्या बायांना ती संध्याकाळी विहारात अक्षरं शिकवत असे. एका कंदिलाभोवती वीस डोकी. ज्या बाईला अक्षर दिसायचं तिची सावली बाकी सगळ्यांच्या पाटीवर पडायची. शाळेत ट्यूब होती, पण शाळा गावाच्या त्या टोकाला, रस्ता काट्याकुट्याचा. अंधारात लेकरं टाकून तिकडे कोणी जात नसे. आता लग्नानंतर हा वर्ग तिची मैत्रीण इंदू चालवणार होती.

"मी जाईन तं जाईन," शोभा म्हणाली, "पण उजेड मांगं ठेवून जाईन."

"मंग त्याच पाट्या काढून इथं विहारावर लावू."

"वर पाहा."

सुधाकरने वर पाहिलं. विहारावर चिंचेचं एवढं मोठं झाड होतं की भर दुपारीही तिथे मांजर रात्र समजून उंदराला निघे.

"अन् बॅटरी?"

"पेटी सिमेंटात गाडली हाय. हलवाची नाई, असा हुकूम हाय."

"मंग जनरेटर आणतो ना माह्यावाला!"

"त्याच्या भडभडीत पंचशील कोणाले ऐकू येईन? अन् तुमचा जनरेटर तुमच्यासंगं वापस जाईन. मले जाणारा उजेड नाई पायजे, राहणारा पायजे."

भिंतीपलीकडून कोणीतरी "बराबर हाय!" म्हणालं आणि लगेच तिचं तोंड दाबल्याचा आवाज आला.

सुधाकर छाती फुगवून म्हणाला, "एवढंच ना? शाळेतून विहारापर्यंत वायर ओढतो. माहं तं रोजचंच काम हाय."

आणि चारच दिवसांत तो आपला दोस्त कवडू याच्या ट्रॅक्टरवर बसून बोरढाण्यात हजर झाला. खांद्यावर माळांच्या दुकानातल्या पातळ दोनपदरी वायरचं गुंडाळं. बांबू रोवले, वायर ओढली, विहारात नवी ट्यूब टांगली. सगळं गाव गोळा झालं. होणारे सासरे तुळशीराम नवं धोतर नेसून आले. होणाऱ्या सासूबाई यमुनाबाई आरतीचं ताट आणावं की नाही या घोरात दोनदा घरी जाऊन आल्या. सुधाकरने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ऐटीत बटण दाबलं.

ट्यूबची दोन टोकं लाल झाली. विझायला आलेल्या विडीसारखी. मध्ये काहीच नाही.

सुधाकरने बटण बंद करून पुन्हा दाबलं. टोकं पुन्हा लाल. त्याने ट्यूबला थापटलं, फिरवलं, तिच्याशी हळूच काहीतरी बोललाही. शेवटी तिने एकदा डोळा मिचकावल्यासारखं केलं आणि ती गप्प झाली.

"जवाईबुवा लाजून राह्यले म्हणून लाईट बी लाजून राह्यला," एक म्हातारा म्हणाला, आणि गाव असं हसलं की चिंचेवरचे बगळे उडाले. शोभाही हसली. पदरात तोंड खुपसून हसली, पण तिचे खांदे हलताना सुधाकरला दिसले. त्याचे कान त्या ट्यूबच्या टोकांपेक्षा लाल झाले.

परतताना कवडू म्हणाला, "ट्यूब खराब असन."

"तीच ट्यूब शाळेत लावली तं फकफक लागली बे."

"मंग वायर तुटली असन."

"मीटर लावला ना! ट्यूब नसली की विहारात पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. ट्यूब जोडली की बसते."

कवडूने विचार केला. "माह्या मेव्हण्यासारखं हाय. नुसतं बसला असला की पहेलवान. पोतं उचलाले सांगा, की मेला."

सुधाकर हसला नाही. त्याला ते वाक्य मोहगावपर्यंत डाचत राहिलं.

दोन दिवसांनी सौंसरच्या स्टँडवर छिंदवाड्याची बस सुरू होईना. प्रवासी ढकलून दमले. सुधाकर दुकानातून उठून बघायला गेला. ड्रायव्हर बोनेटमध्ये डोकं घालून बॅटरीची केबल घासत होता. ती केबल सुधाकरने आयुष्यात शंभरदा पाहिली असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. अंगठ्याएवढी जाड. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत हातभर अंतर, आणि त्याला एवढी जाड केबल!

"एवढी जाडी कायले लागते गा?" त्याने विचारलं.

ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला, "पतली लावली तं गरम होते अन् गाडी उचलत नाई. बॅटरीचा जोरच किती? बारा व्होल्ट. त्यातलं रस्त्यातच सांडलं तं पोचन काय?"

सुधाकर तिथेच कपाळावर हात मारून उभा राहिला. मग त्याने ड्रायव्हरला मिठी मारली. ड्रायव्हरला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं.

घरच्या विजेत दोनशे-सव्वादोनशे व्होल्ट. वाटेत पाच-दहा सांडले तरी कोणाच्या बापाला कळत नाही. इथे मुळात बाराच, आणि वाट शाळेपासून विहारापर्यंतची, जायची आणि यायची. पाच सांडले की उरतं काय? त्याने भरल्या टाकीला लावायची नळी रिकाम्या होत आलेल्या माठाला लावली होती. व्होल्ट कमी, तर वायर जाड. वाट लांब, तर आणखी जाड. एवढी साधी गोष्ट, आणि तो ऐटीत लग्नाच्या माळांची वायर घेऊन गेला होता! त्याला इतकं हसू आलं की दुकानात परत येऊन तो एकटाच हसत बसला.

आता प्रश्न होता जाड केबल आणायची कुठून. सौंसरात नव्हती. मग तो पांढुर्ण्याला गेला. तिथल्या एका कापसाच्या जिनिंगात भगवंतराव फोरमन होते. भारदस्त गडी, मिशा अशा की सरकी अडकावी. जिनिंगातल्या जुन्या मोटारी काढून नव्या बसवायचं काम चाललं होतं, आणि मालकाने जुनी सामग्री वाटेल तशी वाटून टाकायची मोकळीक त्यांना दिली होती. शेडच्या कोपऱ्यात एका मोटारीला पार फाटकापासून आणून जोडलेली काळी, जाडजूड, तांब्याच्या दोन तारांची केबल सुधाकरला दिसली. तो तिच्याकडे असा बघत राहिला की भगवंतरावांनी विचारलं, "पोरगी पाहाले आला का केबल?"

"पोरगी पाह्यली. तिच्यासाठीच केबल पायजे."

त्याने सगळी हकीकत सांगितली. लाल टोकांपाशी पोचला तेव्हा भगवंतराव एवढे हसले की शेडमधले मजूर काम सोडून बघू लागले.

"घेऊन जाय. पण फुकट नाई," ते मिशी पुसत म्हणाले. "आमच्या भजनी मंडळाले भोंगा नाई. तुह्याजवळ हाय म्हणते."

 तो भोंगा सुधाकरच्या धंद्याची पहिली वस्तू. एका सभेनंतर हौसेने घेतलेला, रोज पुसलेला. पण त्याला शोभाचे ते हसताना हलणारे खांदे आठवले.

"देला," तो म्हणाला.

"पण मोटार सुरू हाय. ती निघन तेव्हा केबल निघन. सोमवारी सकाळी ये."

सोमवारीच लग्न होतं. संध्याकाळचं.

तर सोमवारी सकाळी अंगाला हळद लागलेला नवरदेव एका हातात भोंगा घेऊन पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढला. त्याचे काका दादाराव दारातून ओरडत राहिले, "अबे, हळदीचा माणूस गाव सोडून कोठी चालला? नवरी का पांढुर्ण्याले हाय?" सुधाकरने भोंग्यातून उत्तर दिलं, "आलोच!" आणि बस सुटली.

परतीच्या बसला कंडक्टरने केबलचं वेटोळं पाहिलं. पाच-सहा हमालांनी ते टपावर चढवलं तेव्हा बस एका बाजूला कलली.

"हे अजगर कोठी नेऊन राह्यले?"

"माह्या लग्नाले."

कंडक्टरने त्याचं पिवळं तोंड, पिवळे हात आणि टपावरचं वेटोळं आलटूनपालटून बघितलं. "मंग बरातीच म्हणा ना. बराती टपावर फुकट," तो म्हणाला आणि त्याने घंटी मारली.

दुपारी उन्हं कलायच्या आत सौंसरहून वरात निघाली. पुढे डफडं-ताशावाले, मागे कवडूचा ट्रॅक्टर, ट्रॉलीत बराती आणि बरातींच्या मधोमध केबल. नवरदेवाचे पांढरे कपडे केबलच्या काळ्या डागांपासून वाचवायला दादाराव मध्ये बसले होते, आणि त्यात त्यांचंच धोतर काळं झालं.

बोरढाण्याच्या नाल्यात पाणी नव्हतं, पण रेती होती. ट्रॅक्टर मध्येच रुतला. कवडूने जोर केला तसं चाक आणखी खाली गेलं. बराती उतरले. गाव समोर दिसत होतं, डफड्या-ताशाचा आवाज ऐकून तिथले लोक धावत काठावर आले होते, आणि सूर्य चांगलाच खाली उतरला होता.

"केबल राहू द्या, लग्न लावू आधी," दादाराव म्हणाले.

"केबल नाई तं मी बी नाई," नवरदेव म्हणाला.

"अबे, हे वेटोळं उचलाले चार बैल लागतीन!"

सुधाकरने बरातींकडे पाहिलं, वेटोळ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "वेटोळं कायले उचलता? उलगडा! एकेकानं खांद्यावर घ्या!"

मग जे झालं ते बोरढाण्यात पुढे कितीतरी वर्षं सांगत. वेटोळं उलगडलं. पहिलं टोक नवरदेवाच्या खांद्यावर, मग दादाराव, मग मावसभाऊ, मग आत्या, मग शेजारी. दर दोन पावलांवर एक बराती. ती काळी लांबलचक केबल सगळ्यांच्या खांद्यावरून रेतीतून निघाली. ताशेवाल्याने ताल बदलला. पुढचे नाचू लागले की धक्का मागच्यांपर्यंत लाटेसारखा पोचायचा, आणि मागच्याने उडी मारली की नवरदेव पुढे आपोआप उडायचा. कोणी एकटा नाचूच शकत नव्हता. नाचायचं तर सगळ्यांनी. दादारावांनी आयुष्यात कधी पाय उचलला नव्हता. केबलने त्यांना नाचवलं. काठावरचे गावकरी आधी थक्क झाले, मग हसता हसता खाली उतरले आणि मोकळ्या जागा बघून खांदे लावू लागले. शेवटी नवरीकडचा कोण आणि नवरदेवाकडचा कोण हेच कळेना. वरात गावात शिरली तेव्हा तिचं तोंड शाळेजवळ होतं आणि शेपूट अजून नाल्यात.

तुळशीराम हार घेऊन वेशीत उभे होते. "जय भीम, जवाईबुवा," ते म्हणाले, "हार कुठं घालू? गळ्यात तं जागाच नाई."

"जय भीम, मामाजी. हार धरून ठेवा, शिडी द्या."

यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो, नवरदेव शिडीवर चढते काय? लोक काय म्हणतीन?"

तेवढ्यात मांडवातून शोभा बाहेर आली. पांढरी साडी, हातात हिरव्या बांगड्या. बायांनी तिला आत ओढायचा प्रयत्न केला, पण ती सरळ शिडीपाशी येऊन उभी राहिली आणि तिने शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरले.

"चढा," ती म्हणाली. "मी धरून राह्यली."

सुधाकर चढला. बांबूंना केबल पेलणार नव्हती, म्हणून ती घराघराच्या भिंतींवर, कडुलिंबाच्या फांद्यांवर, तुळशीरामांच्या गोठ्याच्या मेढीला टेकवत टेकवत विहारापर्यंत नेली. जिथे नवरदेव चढे तिथे नवरी शिडी धरे. दोघांत बोलणं फक्त एवढंच: "थोडी डावीकडे." "झालं काय?" "पडतान हां." "तू धरली हाय ना." भोवतीच्या बाया मात्र प्रत्येक शब्दावर अशा खिदळत होत्या की जणू कोणी गाणं म्हणत होतं.

सगळं जोडून झालं आणि शेवटी घोडं अडलं. बॅटरीच्या विजेला एक तार धन, एक तार ऋण. उलटी लागली तर ट्यूबचं आतलं यंत्र जळणार. आणि जुन्या केबलच्या दोन्ही तारा सारख्याच काळ्या. कोणती कोणती, कसं ओळखायचं? घाईगडबडीत त्याचा मीटर ट्रॉलीत राहिला होता, ट्रॉली नाल्यात होती, आणि सूर्य चिंचेमागे टेकला होता.

 मग सुधाकरचा चेहरा खुलला आणि तो सासूला म्हणाला, "आत्याबाई, काचेचा ग्लास आणा. पाणी अन् मूठभर मीठ!"

"कोणाले चक्कर आली काय?" यमुनाबाई धावतच गेल्या.

त्याने मिठाच्या पाण्यात दोन्ही तारांची टोकं दूर दूर बुडवली. शाळेतून गुरुजींनी बटण दाबल्याची हाळी आली. सगळं गाव ग्लासावर वाकलं, इतकं की ग्लासच दिसेना.

"सरका गा! हवा येऊ द्या!"

"हे पाहा, हे पाहा!" शोभा ओरडली. "ही उकळून राह्यली!"

एका तारेवरून बारीक बुडबुड्यांचा नुसता फेस उसळत होता.

"ती ऋण," सुधाकर म्हणाला. शोभाने आपल्या वेणीला बांधलेली लाल फीत सोडली आणि दुसऱ्या, शांत तारेला गाठ मारून दिली. "अन् ही धन," ती म्हणाली. "आता चुकू नका."

त्याने टोकं नीट घासली, चमकवली, ट्यूबच्या पेटीत पेचकसाने करकचून आवळली. मग तो बटणापाशी गेला. त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"तू दाब," तो शोभाला म्हणाला.

"मी?"

"मागच्या बारीले मी दाबलं तं सारं गाव हसलं. आता तू दाब."

शोभाने दाबलं.

ट्यूबने एकदाही डोळा मिचकावला नाही. पांढराशुभ्र उजेड एका झटक्यात विहारभर पसरला. बुद्धाच्या मूर्तीवर, बाबासाहेबांच्या फोटोवर, भिंतीवर शोभाने कोळशाने काढलेल्या बाराखडीवर, आणि उघड्या तोंडांवर.  मग असा काही गलका उठला की ताशेवाल्यालाही आपला ताशा ऐकू येईना. कवडूने टोपी फेकली, ती चिंचेत अडकली. दादाराव तुळशीरामांच्या गळ्यात पडले आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर केबलचा काळा शिक्का उमटला. सुधाकरला नाचायचं होतं, हसायचं होतं, काहीतरी मोठं बोलायचं होतं. तो नुसता ट्यूबकडे बघत "लागली, लागली" म्हणत राहिला.

"लागली ना," शोभा शेजारून म्हणाली. "आता लग्न लावता काय, का वापस जाता?"

त्या उजेडात लग्न लागलं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, आणि नवरदेवाच्या हातावरची हळद, तांब्याचा गंज आणि ग्रीस कोणाला वेगवेगळं ओळखता आलं नाही. जेवणाच्या पंगती विहारापुढच्या अंगणात बसल्या. माणसं घास तोंडात धरून ट्यूबकडे बघत होती, त्यामुळे वाढपी तीनतीनदा वाढून गेले आणि कोणी नको म्हटलं नाही. वर्गातल्या बाया तर पंगत सोडून भिंतीपाशी गेल्या. इंदू एकेका अक्षरावर बोट ठेवू लागली आणि बाकीच्या मोठ्याने म्हणू लागल्या. एक म्हातारी थांबून म्हणाली, "अवो बाई, 'ग' ले एवढा बाक हाय काय? मी तं कंदिलात सरळच पाह्यला होता!"

निरोपाची वेळ आली. ट्रॅक्टर तोवर पोरांनी ओढून वर काढला होता. शोभा ट्रॉलीत सुधाकरशेजारी बसली. गाव वेशीपर्यंत आलं, हात हलवले, हसत हसत निरोप दिला. ट्रॅक्टर निघाला. नाला ओलांडून तो चढावर लागला, तेवढ्यात मागून आरडाओरडा ऐकू आला.

"थांबा वो! थांबा!"

कवडूने ब्रेक लावला. यमुनाबाई पदर सावरत रेतीतून धावत येत होत्या, मागे सगळ्या बाया.

सुधाकर घाबरून उभा राहिला. "काय झालं? विझली काय?"

"विझली कायले!" यमुनाबाई धापा टाकत म्हणाल्या. "त्या उजेडाच्या नादात रडाचंच राह्यलं ना! पोरगी सासरी चालली अन् आम्ही कोणीच रडलो नाई!"

आणि तिथेच, नाल्याच्या चढावर, त्यांनी शोभाच्या गळ्यात पडून गळा काढला. बाया रडल्या, शोभा रडली, रडता रडता तिला हसू फुटलं, ते बघून यमुनाबाईंना फुटलं, आणि मग रडणं कुठलं आणि हसणं कुठलं हे दादारावांनाही कळेना. त्यांनी आपले डोळे पुसून घेतले. सुधाकर ट्रॉलीतून मान लांब करून गावाकडे बघत होता. चिंचेच्या काळ्या पानांआडून विहाराचं दार पांढरं दिसत होतं.

"झालं काय रडून?" कवडूने विचारलं.

"थोडंसं राह्यलं," शोभा म्हणाली आणि आईला पुन्हा मिठी मारली.